मांडीवरचं टेबल, हॉलमधला गेम

माझा मुलगा अकरावीत आहे. दहावीनंतर त्याला पीसी घेऊन दिला. पीसी त्याच्या खोलीत गेला आणि त्याच्या मागोमाग मुलगाही खोलीत गेला तो गेलाच. दार बंद, कानाला हेडफोन. जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. हॉलमध्ये सासरे एकटेच टीव्हीसमोर बसलेले असायचे. आमचं घर इंदूरला, माणसं चार, पण संध्याकाळी बघावं तर चौघं चार दिशांना.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्यात एक तह झाला. गेम खेळायचा तर खेळ, पण हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. पीसी टीव्हीला जोडायचा आणि सोफ्यावर बसून खेळायचं. २२ इंचांचा मॉनिटर सोडून ४३ इंचांचा टीव्ही मिळतोय म्हटल्यावर साहेब लगेच तयार झाले. नवऱ्याने केबल जोडून दिली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘आई, मनगट दुखतंय गं. आज प्रॅक्टिकलची वही लिहिताना पेन धरवत नव्हतं.’’

मी काय म्हटलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. ‘‘खेळ अजून!’’ दुसऱ्या दिवशी पीसीची वायर काढून कपाटात ठेवली. पण दुखणं त्याच्या उजव्या हाताला होतं. लिहायचा हातही तोच आणि परीक्षा तोंडावर आलेली. म्हणून ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे त्याला घेऊन गेले. मला वाटलं, त्या पहिल्यांदा विचारतील, ‘‘किती तास खेळतोस?’’ त्यांनी विचारलं, ‘‘माउस कशावर ठेवतोस?’’

मुलाने मोबाइलमधला एक फोटो दाखवला. सोफ्यात तो अर्धा आडवा झालेला. मांडीवर उशी, उशीवर परीक्षेचं पॅड, पॅडवर की-बोर्ड. माउस सोफ्याच्या हातावर. उजवा खांदा कानाला लागलेला आणि मनगट मागे मुडपलेलं. ताई म्हणाल्या, ‘‘दोन आठवडे हाताला विश्रांती दे. आणि परत खेळायला बसशील तेव्हा आधी हाताखालची जागा नीट कर. असं बसून तू गोष्टीचं पुस्तक वाचलं असतंस तरी हात दुखला असता.’’

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. या विषयाचं नाव लॅप डेस्क. साध्या मराठीत सांगायचं तर मांडीवर ठेवायचं टेबल.

कंट्रोलर असताना हा खटाटोप कशाला?

सोफ्यावर बसून गेम खेळायचं म्हटलं की दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर डोळ्यांसमोर येतो. गाड्यांच्या शर्यती, फुटबॉल, उड्या मारत पुढे जायचे गेम यांना तो उत्तमच. त्याला टेबलही लागत नाही. मग आमच्या चिरंजीवांना की-बोर्ड आणि माउसच कशाला हवा, हा प्रश्न मलाही पडला होता.

कारण त्याने समजावून सांगितलं आणि मला ते पटलं. काही गेम मुळातच माउससाठी बनलेले असतात. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या गेममध्ये शेकडो सैनिक, शेतकरी, घोडेस्वार पडद्यावर असतात. त्यांच्याभोवती चौकट ओढून निवडायचं, एकेकाला कामाला लावायचं. माउस जिथे नेला तिथे बाण लगेच पोहोचतो. कंट्रोलरची काडी मात्र फक्त दिशा आणि वेग सांगते, बाण तिथपर्यंत सरकत जाण्याची वाट बघावी लागते. नेमबाजीच्या गेममध्येही माउसने नेम चटकन आणि अचूक लागतो. शिवाय काही टाइप करायचं असेल तर की-बोर्ड हाताशी असलेला बरा.

पीसीचा गेम बैठकीच्या खोलीत आणायची ही धडपड जुनीच आहे. स्टीम या गेमच्या दुकानाने २०१२ मध्ये टीव्हीवर दुरून वाचता येईल असा मोठ्या अक्षरांचा ‘बिग पिक्चर’ पडदा आणला. २०१५ मध्ये त्यांनीच दुसऱ्या खोलीतल्या पीसीवरचा गेम टीव्हीवर दाखवणारी ‘स्टीम लिंक’ नावाची डबी काढली. पण टीव्हीवर चित्र आलं तरी की-बोर्ड-माउस ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरलाच. म्हणून २०१६ च्या सुमारास रेझर, कोर्सेअर, रोकॅट अशा कंपन्यांनी खास मांडीवर ठेवायचे डेस्क काढले. म्हणजे माझ्या मुलाचं मनगट ज्यामुळे दुखलं, ती अडचण जगभरातल्या सोफ्यांवर आधीच येऊन गेली होती.

उशी आणि पॅड का चालत नाही?

आपण सगळ्यांनीच लहानपणी परीक्षेचं पॅड मांडीवर घेऊन अभ्यास केला आहे. मग पॅडवर की-बोर्ड ठेवला तर काय बिघडलं?

पहिलं म्हणजे पॅड अरुंद असतं. त्यावर जेमतेम की-बोर्ड मावतो आणि माउस बेघर होतो. तो मग सोफ्याच्या हातावर जातो. तिथे कापड मऊ आणि उंची जास्त. हात वर आणि बाहेरच्या बाजूला ताणला जातो. दोन मिनिटं काही वाटत नाही, दोन तासांनी खांदा आणि मनगट दोन्ही बोलायला लागतात.

दुसरं म्हणजे उशी दबते. हाताचं वजन पडलं की उजवी बाजू खाली जाते, मग माउस घसरू नये म्हणून मुलं नकळत तो घट्ट धरून ठेवतात. हा सततचा आवळलेला हातच जास्त त्रास देतो.

तिसरं म्हणजे उंची. उशी जाड असेल तर की-बोर्ड कोपराच्या वर जातो आणि खांदे उचलून धरावे लागतात. उशी नसेल तर की-बोर्ड फार खाली जातो आणि पाठीला पोक येतो.

थोडक्यात, चांगल्या लॅप डेस्ककडून तीनच अपेक्षा असतात. तो कडक हवा, रुंद हवा आणि कोपराच्या उंचीला हवा. बाकी दिवे, कप ठेवायची खाच, मोबाइलचा स्टँड हे सगळं नंतर.

आधी टेप घ्या, मग खरेदी करा

ऑनलाइन फोटो बघून लॅप डेस्क मागवू नका. पाच मिनिटं काढून घरच्या माणसाचं आणि घरच्या सोफ्याचं माप घ्या. शिलाईची टेप चालेल.

उंचीसाठी : खेळणाऱ्याला सोफ्यावर पाठ टेकवून बसवा. पाय जमिनीवर, खांदे सैल, कोपर अंगाजवळ काटकोनात. आता सोफ्याच्या सीटपासून कोपरापर्यंत मोजा. मग सीटपासून मांडीच्या वरच्या बाजूपर्यंत मोजा. माझ्या मुलाचं कोपर २२ सेंमीवर आलं आणि मांडी १४ सेंमीवर. मधे उरले ८ सेंमी. त्यातले ३ सेंमी की-बोर्डच्या जाडीचे. म्हणजे फळी आणि खालची गादी मिळून ५ सेंमी हवी. तुमचा आकडा वेगळा येईल, हिशोब मात्र हाच.

या हिशोबावरून एक गोष्ट लगेच कळते. पलंगावर ठेवायचं घडीचं लॅपटॉप टेबल सगळीकडे मिळतं, त्याचे पाय साधारण २५ सेंमी उंच असतात. नाश्ता करायला, पुस्तक वाचायला ते छान. पण सोफ्यावर ते घेऊन बसलं की की-बोर्ड कोपराच्या बराच वर जातो. आमच्याकडे असं एक टेबल होतं. मुलाने एक दिवस वापरून परत ठेवून दिलं.

रुंदीसाठी : उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असलेला पूर्ण की-बोर्ड साधारण ४४ सेंमी लांब असतो. आकड्यांचा चौकोन नसलेला की-बोर्ड साधारण ३६ सेंमीचा असतो, आणि त्याहून लहान ३० सेंमीच्या आसपासही मिळतो. माउसला हलायला निदान २५ सेंमी जागा हवी. म्हणजे पूर्ण की-बोर्डला ७५ सेंमीची फळी लागेल, मधल्याला ६५ ते ७० सेंमी पुरते. सोफ्यावर खेळायचं असेल तर आकड्यांचा चौकोन नसलेला की-बोर्डच बरा. फळी आटोक्यात राहते आणि उजवा हात फार बाहेर जात नाही.

सोफ्यासाठी : दोन हातांच्या मधली जागा मोजा. एकाच्या बसायच्या खुर्चीत ७० सेंमीची फळी सहसा मावत नाही, दोघांच्या किंवा तिघांच्या सोफ्यावर व्यवस्थित मावते.

खोलीसाठी, म्हणजे पोटापासून गुडघ्याकडे : २८ ते ३० सेंमी पुष्कळ झाले. की-बोर्डच्या पुढे तळहात टेकायला चार बोटं जागा सोडा.

बाजारात मिळणारे दोन प्रकार

पहिला प्रकार मांडीवर बसणारा. वर कडक फळी, खाली फोमची गादी. हलका, उचलून ठेवायला सोपा. दीड-दोन तासांच्या खेळाला हाच पुरेसा आहे. आपल्याकडे ‘लॅपटॉप लॅप डेस्क’ म्हणून जे मिळतात त्यातले बरेच लॅपटॉपपुरतेच, ५०-५५ सेंमी रुंद असतात. त्यावर माउसला वीतभर जागा उरते, गेमसाठी ती अपुरी. रुंदीचा आकडा वाचल्याशिवाय मागवू नका.

दुसरा प्रकार पुलासारखा. तुमच्या दोन्ही बाजूंना दोन घट्ट उशा आणि त्यांच्यावर आडवी फळी. नर्डीटेक या जर्मन कंपनीचा ‘काउचमास्टर’ हा या प्रकारातला ओळखीचा डेस्क. यात मांडीवर वजन अजिबात येत नाही, कोपरंही उशांवर टेकतात. पण तो जागा खूप खातो. शेजारी दुसरं माणूस बसायचं म्हटलं तर अडचण. ज्या घरात हॉल हाच सगळ्यांचा, तिथे मला पहिला प्रकार जास्त सोयीचा वाटला.

आमची फळी सुताराने केली

ब्रँडेड डेस्कच्या किमती बघून मी मोबाइल खाली ठेवला आणि कोपऱ्यावरच्या सुतारदादांकडे गेले. माप सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘दीदी, इतनी छोटी पटिया का क्या करोगी? पोळपाट बनाना है क्या?’’ मी म्हटलं, ‘‘बस, वैसा ही समझ लो.’’

तुम्हालाही करून घ्यायची असेल तर कृती लिहून घ्या.

९ मिमी जाडीच्या प्लायवुडचा ७० बाय ३० सेंमीचा तुकडा. सुताराकडे असे तुकडे उरलेले असतातच. ६ मिमी प्लाय हलका पडतो, पण मधे वाकतो. १२ मिमी मजबूत, पण मांडीला जड होतो. ९ मिमीची फळी सनमायकासकट दीड किलोच्या आसपास भरते.

वरून मॅट फिनिशचा, एकरंगी सनमायका. चकचकीत नको. माउस खालच्या पृष्ठभागाची सतत छायाचित्रं घेऊन आपण किती सरकलो ते ओळखतो. आरशासारख्या चकचकीत भागावर किंवा काचेवर त्याला काही दिसत नाही आणि बाण पडद्यावर नाचायला लागतो. चकचकीत लावून बसला असाल तर वर कापडी माउस पॅड चिकटवा.

पोटाकडची कड पूर्ण गोल करून घ्या आणि पॉलिश पेपर मारून घ्या. तळहात तिथेच टेकतात. धारदार कड मनगटात रुतते.

उजव्या आणि मागच्या कडेला अर्ध्या सेंमीची पट्टी लावा, म्हणजे माउस खाली पडणार नाही. पोटाकडे पट्टी नको. घरात डावखुरं कोणी असेल तर पट्टी डावीकडेही लावा.

खाली ४ सेंमी जाडीचा घट्ट फोम, फळीएवढाच रुंद. अगदी मऊ फोम घेऊ नका, तो उशीसारखाच दबतो. त्याला जुन्या चादरीची चेनवाली खोळ मी घरीच शिवली. फळीला वेल्क्रोने चिकटवली, म्हणजे काढून धुता येते. इंदूरच्या मे महिन्यात मांडीला घाम येतो, तेव्हा सुती खोळच हवी.

की-बोर्ड सरकू नये म्हणून त्याच्याखाली ड्रॉवरमध्ये घालायच्या अँटी-स्लिप मॅटचा तुकडा.

सगळं मिळून मला आठशे रुपयांच्या आत पडलं.

लॅपटॉपवर खेळत असाल तर

एक गोष्ट आवर्जून सांगते. गेम चालू असलेला लॅपटॉप मांडीवर, गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. गेम खेळताना तो चांगलाच तापतो. खालची हवेची जाळी उशीने बंद झाली की आणखी तापतो आणि गेमही अडखळायला लागतो. रोज तासन्‌तास गरम लॅपटॉप मांडीवर ठेवल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. लॅपटॉप टीव्हीच्या टेबलावर ठेवा, तिथून छोट्या एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, आणि मांडीवर फक्त की-बोर्ड आणि माउस घ्या.

वायर की बिनवायर?

हॉलमध्ये जमिनीवरून आडवी गेलेली वायर म्हणजे सासऱ्यांच्या पायाला सापळा. आमच्याकडे हा मुद्दा पहिल्याच दिवशी निकालात निघाला. वायरवालेच वापरायचे असतील तर वायर भिंतीच्या कडेने फिरवा. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर असते हेही लक्षात ठेवा.

बिनवायरचे घेताना त्यासोबत पीसीला लावायचा छोटा रिसीव्हर, म्हणजे डोंगल, येतो का ते बघा. गेमसाठी ब्लूटूथपेक्षा डोंगल बरा, हात हलला की बाण लगेच हलतो.

डोंगल लावूनही माउस मधेच अडकत असेल तर माउसला दोष देण्याआधी डोंगल कुठे लावलाय ते बघा. पीसीच्या मागे, यूएसबी ३.० च्या निळ्या खाचांशेजारी, टीव्हीच्या आडोशाला असेल तर तिथेच गडबड आहे. यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या बिनवायर उपकरणांना अडथळा येतो, हे इंटेल कंपनीनेच २०१२ मध्ये सविस्तर मांडलं होतं. उपाय स्वस्त आहे. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टीव्हीच्या पुढे, सोफ्यावरून दिसेल असा आणून ठेवा. आमचा निम्मा त्रास तेवढ्यानेच गेला.

माउसचा वेगही जरा वाढवावा लागतो. माउसची संवेदनशीलता डीपीआयमध्ये मोजतात. डीपीआय ८०० असेल तर १९२० बिंदू रुंदीचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला हात साधारण ६ सेंमी सरकवावा लागतो. ४०० असेल तर १२ सेंमी, १६०० असेल तर ३. टेबलावर मोकळी जागा असते, तिथे कमी वेग चालतो. फळीवर वीतभर जागेत काम भागवायचं, तेव्हा हळूहळू वाढवत हाताला बसेल तो आकडा ठरवा. एकदम दुप्पट केला तर नेम चुकतो आणि चिडचिड होते.

टीव्हीलाही सांगावं लागतं

टीव्हीला माहीत नसतं की आता सिनेमा संपून गेम सुरू झालाय. सिनेमा सुंदर दिसावा म्हणून तो प्रत्येक चित्रावर थोडं काम करतो आणि मग दाखवतो. त्यात क्षणभर उशीर होतो. सिनेमा बघताना तो कळत नाही, माउस हलवताना मात्र बाण मागे राहिल्यासारखा वाटतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करा. मुलगा आठवडाभर ‘‘माउस जड वाटतोय’’ म्हणत होता, त्याचं मूळ इथेच निघालं.

दुसरी गोष्ट अक्षरांची. मॉनिटर हातभर अंतरावर असतो, टीव्ही अडीच-तीन मीटरवर. अक्षर वाचता येत नसलं की मुलं मान पुढे काढतात आणि पाठ सोफ्यापासून सुटते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग स्केल इथे जाऊन आकार १५० टक्के करून बघा. टीव्ही ४के असेल तर आणखी वाढवावा लागेल. बऱ्याच गेममध्येही अक्षरं आणि बटणं मोठी करायची वेगळी सोय असते.

पीसी हॉलमध्ये आणणं शक्यच नसेल तर तो खोलीतच राहू द्या. स्टीम लिंक आता ॲपच्या रूपात बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींवर चालतं. गेम पीसीवर चालतो, चित्र घरच्या नेटवर्कवरून टीव्हीवर येतं. पीसी राउटरला केबलने जोडलेला असेल तर चित्र कमी अडखळतं. विचार करून चाली खेळायच्या गेमला हे पुरतं, झटपट नेमबाजीला तितकंसं नाही.

बसायचं कसं?

सोफा आरामासाठी बनलेला असतो, त्यामुळे त्यात रुतून बसायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. फळी कितीही चांगली असली तरी अर्धं आडवं होऊन खेळलं तर उपयोग नाही.

कमरेमागे एक छोटा लोड किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवा. सोफा खोल असेल तर पाठ टेकवल्यावर पाय लोंबकळतात, त्यांच्याखाली पाट ठेवा. फळी शरीराच्या मधोमध घ्या. मनगट सरळ रेषेत राहिलं पाहिजे, वर-खाली मुडपलेलं नको. कोपर सोफ्याच्या कडक हातावर टेकवून ठेवू नका, तिथली नस दाबली जाते आणि करंगळीला मुंग्या येतात.

दर अर्ध्या तासाने फळी बाजूला ठेवून उठायचं, हा आमचा नियम. पाणी प्यायचं, बाल्कनीत जाऊन लांबचं झाड बघायचं, बोटं उघडझाप करायची. मांडीवरचं वजन उचललं की पायांनाही बरं वाटतं. आणि बोटं बधिर होत असतील, रात्री हात दुखून जाग येत असेल किंवा वस्तू हातून निसटत असतील, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

हॉल सगळ्यांचा आहे

फळी आली, हात बरा झाला, पण हॉलमध्ये गेम आला म्हणजे टीव्हीची वाटणी आलीच. सात ते आठ सासऱ्यांच्या बातम्या, यात तडजोड नाही. अभ्यास झाल्यावर साडेआठ ते दहा मुलाचा गेम. रविवारी दुपारी सिनेमा. पहिल्या आठवड्यात कुरबुरी झाल्या, मग वेळा अंगवळणी पडल्या.

पालक म्हणून मला आणखी दोन फायदे झाले. तो कोणाशी बोलतोय हे आता आपोआप ऐकू येतं. अनोळखी माणसाने गेममध्ये वेडंवाकडं बोललेलं एकदा सगळ्यांनीच ऐकलं, आणि त्याला ब्लॉक कसं करायचं ते मुलाने आम्हालाच दाखवलं. आणि ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणजे किती, हे भिंतीवरच्या घड्याळात सगळ्यांना दिसतं.

‘गेम म्हणजे व्यसन’ असं मीही म्हणत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे हे खरं. पण नुसतं खेळणं म्हणजे तो आजार नव्हे. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो विचार करायचा. बंद दाराआड यातलं काय चाललंय हे मला कळलं नसतं. हॉलमध्ये कळतं.

आणि एक गोष्ट मला अपेक्षितच नव्हती. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ नावाचा भाग आला. त्यात गुर्जर, बंगाली, द्रविड अशी राज्यं घेऊन खेळता येतं. एका रात्री पडद्यावर हत्ती दिसले आणि सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

‘‘अरे, हत्ती असे एकटे काय सोडतोस? पायदळ कुठाय?’’

‘‘आजोबा, पायदळ आत्ता बनतंय. धान्य कमी पडलं.’’

‘‘मग आधी शेती वाढव ना! सैन्य पोटावर चालतं.’’

त्या रात्री आजोबांच्या सल्ल्याने लढाई हरली. दुसऱ्या रात्रीही हरली. आता साडेआठ वाजले की सासरेच विचारतात, ‘‘आज खेळायचं नाही का रे?’’ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला आहे. त्यात प्राचीन भारतातली एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत फिरते. तो आम्ही सुट्टीसाठी राखून ठेवला आहे. त्यातल्या उड्या आणि मारामारीसाठी कंट्रोलर बरा, तेव्हा त्या दिवसांत फळीला सुट्टी.

तिला सुट्टी मिळेल असं मात्र दिसत नाही. दाराआड खिळ्याला टांगलेली ती फळी दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर असते. सकाळी सासरे तिच्यावर शब्दकोडं सोडवतात. दुपारी मी टीव्ही बघत मटार सोलते. मुलगा तिच्यावर प्रॅक्टिकलची वही लिहितो. हात आता दुखत नाही.

तुमच्या घरातही कोणी बंद दाराआड गेम खेळत असेल तर वायर कपाटात ठेवण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. तो कसा बसलाय, हात कशावर टेकलाय ते बघा. मग टेप घ्या आणि त्याच्या कोपराची उंची मोजा. बोलणं तिथूनही सुरू होतं.